पडद्याच्या अलीकडे

“आज जहाज कुठं पोचलं, मॅडम?”

कोकिळाबाई सरोदे रोज सकाळी हेच विचारायची. तिच्या रांगेतल्या बायका हातातलं काम न थांबवता कान देऊन ऐकायच्या. मी भिंतीवर लावलेल्या नकाशाकडे बघून सांगायचे.

“एडन मागं पडलं. आता तांबडा समुद्र.”

“पाणी खरोखर तांबडं राह्यते तिथं?”

“नाही. नुसतं नाव आहे.”

“मंग आमच्या हर्षीच्या बापासारखंच झालं. नाव डिगंबर, अन् थंडीत अंगावर तीन-तीन सदरे.”

रांग खो खो हसली. दाराशी उभे असलेले डिगंबरभाऊ गळ्यातला मफलर घट्ट करत म्हणाले, “ऐकलं बरं मी. जहाज बुडालं म्हणजे मंग पाहू कोण हासते ते.”

जहाज बुडणार नव्हतं, कारण ते कुठेच गेलेलं नव्हतं. रावेरजवळच्या त्या केळीच्या पॅकहाउसमागे मोकळ्या जागेत एक लांबलचक थंड कंटेनर लाकडी ओंडक्यांवर ठेवलेला होता. जहाजाला युरोपात पोचायला जितके दिवस लागतात तितके दिवस तो तिथेच बंद राहणार होता. आतली केळी तोवर हिरवी राहिली, तर पुढच्या हंगामात खरे कंटेनर खऱ्या जहाजावर चढणार होते. हा उभ्या जागचा प्रवास माझ्या देखरेखीखाली चालला होता. झाडावरून उतरवल्यानंतर फळाचं काय होतं हा माझ्या अभ्यासाचा विषय. नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

लोकांना वाटतं, तोडलेलं फळ मेलेलं असतं. तसं नाही. ते श्वास घेत असतं, आणि श्वास घेत घेत पिकतं, मग सडतं. त्याचा श्वास मंद करता आला तर ते तसंच हिरवं पडून राहतं. म्हणून केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, चीक पुसायचा, पातळ पिशवीत घालायच्या, पिशवीतली हवा नळीने ओढून घ्यायची आणि तोंडाला पीळ देऊन रबर लावायचं. हे काम कोकिळाबाईच्या रांगेचं. ती पीळ अशी द्यायची की पिशवी फण्यांना कातडीसारखी चिकटायची.

त्यापुढे माझं काम सुरू व्हायचं. कंटेनरच्या लोखंडी दारांच्या आत वरपासून खालपर्यंत जाड, पारदर्शक प्लास्टिकचा पडदा होता. चारी कडा चिकटवलेल्या, मध्ये आतबाहेर करायला एक उभी चेन. पडदा लावून झाला की आतली नेहमीची हवा हटवून तिथे नायट्रोजन भरायचा. थोडक्यात, अख्खा कंटेनर म्हणजेही एक पिशवीच. त्या पिशवीत केळी झोपतात. माणूस मात्र दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडतो आणि काही मिनिटांत मरतो. गुदमरल्यासारखं होत नाही, खोकला येत नाही, काही कळतच नाही. दारावर मी लाल अक्षरांत पाटी लावली होती : ‘आत जाऊ नये. आतल्या हवेत माणूस जगत नाही.’

डिगंबरभाऊ येता-जाता ती पाटी मोठ्याने वाचायचे, देवळाबाहेरची सूचना वाचावी तशी.

“मॅडम, एक शंका हाये,” एकदा ते म्हणाले.

“विचारा ना.”

“आत हवाच नसती तं डबा चेपला असता का नही?”

शंका चांगली होती. मला आवडली. “आत हवा आहे, भाऊ. पण तिच्यातला प्राणवायू काढून घेतलाय.”

“म्हणजे तिले काय धुराचा वास, गॅसचा वास...”

“कसलाच वास नाही. आत्ता आपण घेतोय त्या हवेसारखीच लागते.”

ते हसले. मी एखादी गंमत सांगतेय असं वाटलं की ते डोळे बारीक करून हसायचे. “वास नही, धूर नही, डोळ्याले चुरचुर नही. अन् तरी मारते. भुताची हवा हाये म्हणा ना.”

डिगंबरभाऊंना हसायचा अधिकार होता. पॅकहाउस होण्याआधी त्याच जागेवर केळीची भट्टी होती, आणि ते त्या भट्टीचे कारागीर. बंद खोलीत घड रचायचे, मधोमध गोवऱ्यांची धुरी लावायची, दार मातीने लिंपून टाकायचं आणि ठरल्या वेळी उघडायचं. भट्टी लवकर उघडली तर केळं कच्चं, उशिरा उघडली तर काळं. डिगंबरभाऊ दाराच्या फटीला नाक लावून सांगायचे, अजून एक रात्र, किंवा आत्ताच्या आत्ता. जुने व्यापारी त्यांना ‘नाकवाले’ म्हणत. नुसतं पिकलेपण नाही, आत शिरणं धोक्याचं आहे की नाही तेही ते नाकाने आणि डोळ्यांनी ओळखत. डोळ्यांना पाणी आलं, घशात धूर बसला की मागे सरकायचं. एकदा भट्टीत धुराने पडलेल्या दोन हमालांना त्यांनी ओला गमछा तोंडाला बांधून ओढून काढलं होतं. त्यातला एकजण अजून दर दिवाळीला त्यांच्या घरी फराळ घेऊन यायचा.

मी त्यांना पटवायचा प्रयत्न केला. कंटेनरच्या बाजूला नमुना घ्यायची एक बारीक तोटी होती. ती उघडून समोर पेटलेली काडी धरली. काडी विझली.

“पाहिलंत?”

“पाहिलं. पण तोटीतून वारं येऊ राह्यलं, मॅडम. फुंकलं की काडी विझतेच.”

कोकिळाबाई मागून म्हणाली, “अहो, शिकलेल्या पोरीचं ऐकावं मानसानं. सगळ्या गोष्टीत नाक खुपसता ते खुपसता.”

“नाकावरच तं तुले पोसली इतकी वर्षं.”

“तुम्ही मले पोसली? अन् हे हात काय भाड्यानं आणले मी?”

मग त्यांची पैज ठरली. प्लास्टिकमध्ये घुसमटून केळी काळी पडतील असं डिगंबरभाऊंचं ठाम मत होतं. फळाला धूर लागतो, ऊब लागते, अशी प्लास्टिकची कफनी नाही, असं ते म्हणायचे. कोकिळाबाई म्हणायची, पीळ माझ्या हातचा आहे, हिरवीगार निघतील. काळी निघाली तर तिने हंगामभर एकही टोमणा मारायचा नाही. हिरवी निघाली तर त्यांनी डोक्यावर पदर घेऊन एक अख्खा दिवस बायकांच्या रांगेत बसायचं आणि पिशव्या बांधायच्या. रांगेने लगेच ठरवूनही टाकलं की लुगडं कोणाचं आणायचं.

कंटेनर भरायच्या दिवशी पहिल्या पेट्या कोकिळाबाईच्या हातच्या होत्या, म्हणून त्या सगळ्यात आत, पार थंड हवा सोडणाऱ्या पंख्याजवळ गेल्या. त्यातल्या एका पेटीवर तिने निळ्या स्केचपेनने मोर काढला होता. “उघडल्यावर हीच पेटी पहिली काढायची,” तिने नवऱ्याला बजावलं, “अन् तुम्हीच काढायची, आपल्या हातानं.”

“काढतो, बाई. काळी केळी तुझ्या वटीत घालतो.”

डिगंबरभाऊ तेव्हा पन्नाशीच्या आतले. हर्षदा, त्यांची एकुलती मुलगी, सातवी-आठवीत असेल. शाळा सुटली की ती पॅकहाउसमध्ये येऊन माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करायची.

जहाज पोचायचा दिवस उजाडला. नकाशावरची टाचणी मी सकाळीच शेवटच्या बंदरात टोचली. मालक, ज्यांना सगळे नाना म्हणत, पांढरा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. मुंबईहून निर्यातदाराची माणसं येणार होती. कसं उघडायचं ते मी नानांना, डिगंबरभाऊंना आणि वायरमन मुराद तडवीला, तिघांनाही सांगून ठेवलं होतं : दारं मी आल्यावर उघडायची, मग पडदा कापायचा, मोठा पंखा आत लावायचा, मी मीटरने हवा तपासणार, आणि मी हो म्हटल्यावर आत जायचं. त्याआधी कोणीही नाही.

पाहुणे आले. मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्यांच्यातल्या एकाला पिशव्यांच्या जाडीबद्दल खूप प्रश्न होते आणि मी एकेकाचं उत्तर देत होते.

तिकडे काय झालं ते मला नंतर मुरादने सांगितलं. पाहुण्यांसमोर दारं उघडताना आवाज होईल, गंज दिसेल, म्हणून नानांनी ती आधीच उघडवली आणि झेंडूचं तोरण बांधायला लावलं. पडद्याला हात लावायचा नाही, एवढं ते स्वतः बजावून फाटकाकडे गेले. तोरण बांधून झालं. बायका जेवणाच्या सुट्टीत बघायला आल्या. पडद्यातून आतली खोक्यांची भिंत दिसत होती, मधली अरुंद वाट दिसत होती, आणि वाटेच्या टोकाला, नीट बघितलं तर, निळा मोर.

“दिसते का काही काळं?” कोकिळाबाईने विचारलं.

“खोकं बंद हाये, बाई. मले काय क्ष-किरण हायेत?”

“मंग नाक लावा. नाकवाले तुम्ही.”

डिगंबरभाऊंनी चेन वितभर खाली ओढली आणि फटीला नाक लावलं. डोळे मिटून, भट्टीला लावायचे तसं. मुराद म्हणाला, “भाऊ, मॅडमले येऊ द्या.” त्यांनी मान हलवली. फटीतून गार, स्वच्छ हवा आली. धूर नाही, आंबूस वास नाही, पिकल्याचा गोडूसपणा नाही. डोळ्यांना काही नाही, घशाला काही नाही.

“गाभाऱ्यात उभं राह्यल्यावाणी हाये,” ते म्हणाले. “कुठं काय हाये? येतोच. मोर घेऊन येतो.”

आणि भट्टीत शिरायच्या जुन्या सवयीने छातीत श्वास भरून, चेन ओढून ते आत गेले.

फटीशी त्यांचं नाक होतं, त्यात बाहेरची हवाही मिसळत होती. आत ती मिसळत नव्हती.

मी आरोळी ऐकली तेव्हा पाहुण्यांना पिशवीचा तुकडा उजेडात धरून दाखवत होते. एकाच बाईची आरोळी नव्हती ती, सगळ्या रांगेची होती. मी मीटर उचललं आणि धावले.

कंटेनरच्या तोंडाशी बायकांचा घोळका होता. पडद्यापलीकडे, वाटेच्या पार शेवटी, डिगंबरभाऊ एका कुशीवर पडलेले होते. मफलर तसाच गळ्यात. एक हात पुढे पसरलेला. झोपलेला माणूस दिसतो तसे दिसत होते.

मुरादचं अर्धं अंग चेनमधून आत गेलेलं होतं. मी ओरडले, पण त्याने आणखी दोन पावलं टाकली आणि तो गुडघ्यांवर खाली बसला, एखादी वस्तू शोधत असल्यासारखा. मग त्याचं कपाळ जमिनीला टेकलं. मी श्वास रोखून पडद्यातून हात घातला. माझ्यामागे केळी घेऊन आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर होता. आम्ही दोघांनी मुरादला पायांना धरून बाहेर ओढलं. बाहेर येताच त्याने मोठा श्वास घेतला आणि उलटी केली.

त्याच वेळी कोकिळाबाई माझ्या बाजूने पडद्याकडे झेपावली.

मी तिला धरलं. तिचं मनगट एका हातात आणि दुसरा हात तिच्या कमरेभोवती. ती माझ्यापेक्षा मजबूत होती. जन्मभर केळीचे घड उचललेली बाई ती. तिने मला फरफटत पडद्यापर्यंत नेलं. मी पडद्याशेजारच्या लोखंडी चौकटीत पाय अडकवून राहिले आणि तिला सोडलं नाही.

“सोड मले! सोड! दहा पावलं हायेत, मी वढून आणते!”

“कोकिळाबाई, आत हवा नाही. तुम्ही पण पडाल.”

“पडू दे! सोड!”

“पडदा फाडा!” मी ओरडले. “पूर्ण फाडा, खालपासून वर! पॅकिंगच्या सुऱ्या आणा. पंखा, मोठा पंखा आत लावा!”

ड्रायव्हरने सुरी चालवली. प्लास्टिक जाड होतं, चरचर फाटत होतं. दोघांनी धुण्याच्या टाकीजवळचा मोठा पंखा ओढत आणला. वायर अपुरी पडली, मग दुसरी जोडायला लागली, आणि वायर जोडणारा मुराद जमिनीवर बसून ओकत होता. शेवटी त्यानेच बसल्या जागी ती जोडली.

नाना धापा टाकत आले. “अहो मॅडम, उभ्या काय राहिलात! जाऊ द्या ना कोणाला तरी! तोंडाला फडकं बांधून जाईल कोणीही!”

“फडक्याने काही होणार नाही. कोणीही जायचं नाही.”

“माणूस मरतोय तिथे!”

“कोणीही जायचं नाही,” मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज फार शांत होता असं नंतर लोकांनी सांगितलं. ते ऐकून मला स्वतःचीच भीती वाटली होती.

कोकिळाबाई माझ्या दंडाला चावली. मी तिला सोडलं नाही. मग ती थांबली. एकदम, पंखा सुरू व्हायच्या आधीच. तिने धडपडणं सोडलं आणि नुसतं पडद्याच्या उरलेल्या भागातून आत बघत राहिली. तिचं अंग माझ्या हातांत ताठ झालेलं होतं. मला वाटलं, तिला समजलं. मी पकड सैल केली, आणि ती पुन्हा झेपावली. मी पुन्हा धरली.

पंखा लागला. खाली पडलेलं मीटर उचलून आत धरायला मी ड्रायव्हरला सांगितलं. प्राणवायूचा आकडा चढत होता, पण इतका हळू की मला तो फोडून टाकावासा वाटला. माणूस जगेल एवढ्या आकड्याला तो पोचला तशी मी कोकिळाबाईला दोन बायकांच्या हवाली केलं आणि पहिली आत गेले.

डिगंबरभाऊंचा पसरलेला हात मोराच्या पेटीत होता. त्यांनी झाकण उघडलं होतं, एक पिशवी फाडली होती आणि एक फणी अर्धी बाहेर काढली होती. फणी हिरवीगार होती. एकही डाग नाही.

आम्ही त्यांना बाहेर आणलं. मी त्यांच्या छातीवर दाब देत राहिले, गाडी दवाखान्यात पोचेपर्यंत देत राहिले. डॉक्टरांनी माझा हात धरून बाजूला केला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे जमले होते. हर्षदा शाळेच्या गणवेशात होती. कोकिळाबाई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन खाली बसले. तिने माझ्याकडे बोट केलं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना सांगितलं, “हिनं धरलं मले.”

एवढंच. तिच्या मनगटावर माझ्या चार बोटांचे ठसे लाल-निळे उठले होते.

चौकशी झाली. मुंबईहून एक सुरक्षा-तज्ज्ञ आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कंटेनर पाहिला आणि मला म्हणाले, “अशा अपघातांत पहिल्या माणसापेक्षा त्याला काढायला गेलेली माणसं जास्त मरतात. तुम्ही तिथे उभ्या नसता तर तीन तिरड्या उठल्या असत्या.” ते खरं होतं. मी वर्गात ते शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. माझ्या दंडावरची चावल्याची खूण भरून आली. नानांवर खटला झाला, बरीच वर्षं चालला. केळी मात्र सगळी हिरवी निघाली होती. प्रयोगाच्या अहवालात तसं लिहावं लागलं, आणि ते मीच लिहिलं.

दहाव्याला मी कोकिळाबाईच्या घरी गेले. तिने चहा दिला, कप माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली. मी वाट पाहिली. ती बाहेर आली नाही. त्या वर्षअखेर मी नोकरी सोडली. पुढे ठिकठिकाणी कोल्ड स्टोरेजमधल्या कामगारांना हवेबद्दल शिकवायला लागले. तोटीसमोर काडी धरून दाखवायची पद्धत मी बंद केली. आता त्या हवेने बाटली भरून घेते, तोटी बंद करते, आणि मग तिच्यात पेटलेली काडी अलगद खाली सोडते. वारं नसतं. तरी ती विझते. लोक गप्प होतात. मी कुठल्याही गावात असले तरी त्या शांततेत मला वाटतं की कोणीतरी मागून म्हणेल, भुताची हवा हाये म्हणा ना.

कोकिळाबाईचा पुढे अनेक वर्षं एक शब्दही आला नाही. मग एके दिवशी फोन आला. हर्षदाचं लग्न ठरलं होतं.

“या,” ती म्हणाली. “याच लागते.”

मी लग्नाला गेले. हर्षदा मोठी झाली होती, हसताना डोळे बारीक करायची. निरोपाच्या वेळी ती माझ्याही गळ्यात पडली. वरात गेली, पाहुणे पांगले, मांडववाले खांब उपटायला लागले. कोकिळाबाई मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. खाली बसली. पातेल्यातली उरलेली बुंदी एका पिशवीत भरली, पिशवी दोन्ही तळहातांनी दाबून हवा काढली, तोंडाला पीळ दिला आणि रबर लावलं.

“घ्या. हवा काढली की टिकते. तुम्हीच शिकवलं.”

मी ती घेतली.

“तुम्हाले काय वाटते,” तिने विचारलं, “मी इतकी वर्षं काहून नही बोलली?”

मी हे वाक्य मनात फार वेळा जुळवलं होतं. “तुम्हाला वाटलं की मी सोडलं असतं तर तुम्ही भाऊंना बाहेर काढलं असतं. कोकिळाबाई, नसतं काढता आलं. तुम्ही त्यांच्यापर्यंत पोचलाच नसता. मुरादचं पाहिलंत ना तुम्ही, दोन पावलांत...”

“पाहिलं. मुराद पडला ते पाहिलं मी. मी काय अडाणी हाये?”

तिचा आवाज चढलेला नव्हता. रांगेत बसून जहाज कुठं पोचलं ते विचारायची तसाच होता.

“मुराद पडला तेव्हाच मले समजलं, आत गेलं की मानूस मरते. अन् हर्षीचा बाप तं कधीचा पडेल होता. छाती हलत नव्हती त्यांची. पडद्यातून सगळं दिसे. तुम्ही मले धरलं अन् मी थांबली, आठवते? तेव्हा पाहिलं मी. तेव्हाच समजलं, ते गेले.”

“पण त्यानंतर तुम्ही पुन्हा...”

“हां. पुन्हा.”

बाहेर कोणीतरी खांब जमिनीवर टाकला. ती दचकली नाही.

“पहिल्या खेपेले मी त्यांना काढाले चालली होती. दुसऱ्या खेपेले नही.” तिने पातेलं बाजूला सारलं. “मीच म्हटलं होतं ना, नाक लावा म्हणून. मोराची पेटी तुम्हीच काढा म्हणून. नुसतं निजायचं होतं तिथं, त्यांच्या बाजूले. तुम्हीच म्हणत होत्या ना, काही दुखत नही, समजत बी नही.”

मी तेच म्हणत होते. पाटी लावतानाही तेच म्हणाले होते.

“हर्षदा होती, कोकिळाबाई.”

“होती. म्हणून तं मंग तुम्हाले काही बोलली नही. शिव्या द्याव्या तं तुमच्यामुळंच तिले माय राह्यली. आशीर्वाद द्यावा तं तोंडातून निघे नही.” ती रिकाम्या दाराकडे पाहत होती, जिथून मघाशी वरात गेली. “आज ती गेली आपल्या घरी. आता कोणाचं काही राह्यलं नही माझ्यावर. म्हणून बोलावलं तुम्हाले. म्हटलं, एवढं इचारून घ्यावं. तेव्हा धरलं ते धरलं. काहून धरलं, ते सांगा.”

माझ्याकडे उत्तर होतं. तज्ज्ञांनी दिलेलं, पुस्तकातलं, बरोबर असलेलं उत्तर. मी ते दिलं नाही. मला आठवलं, त्या दिवशी तिचं मनगट धरताना मी काहीच विचार केला नव्हता.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. मांडववाले पैसे मागायला दाराशी येऊन उभे राहिले, तशी ती उठायला लागली आणि थांबली.

“सोडा मॅडम,” ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. तिचं मनगट माझ्या हातात होतं, त्याच जागी. मी ते केव्हा धरलं ते मला कळलं नव्हतं.

मी सोडलं नाही.